न खाल्लेला घास

अन्न निरीक्षकाने बेसनाच्या पिंपात चमचा घातला तेव्हा सुकेशिनी उके म्हणाली, “चमचा कोरडा आहे ना जी? ओल लागली की पिठाले जाळी धरते.”

निरीक्षकाने मान वर केली नाही. तीन पिशव्या भरल्या, तोंडं बांधली, मोहर लावली. मग वही काढून विचारलं, “या मेसमध्ये लाखोरीची डाळ वापरता का?”

“वापरतो ना. शनिवारी लाखोरीचे वडे राहतात. तीन पाण्यांतून काढल्याबिगर वाटत नाही मी.”

त्याने ‘लाखोरी वापरतात, दर शनिवार’ एवढंच लिहिलं आणि खाली तिची सही घेतली. तीन पाण्यांचं काही लिहिलं नाही. सुकेशिनीने ते वाचलं होतं, पण तिला वाटलं, लिहितील मागून. खरं बोलणाऱ्या माणसाला ही एक खोड असते. समोरचाही खरंच लिहील असं तो धरून चालतो आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहटोल्यात ‘दूरहस्त’ कंपनीचं केंद्र सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, संपतात तिथे एक लांबट पांढरी इमारत, आत बासष्ट खुर्च्या, एकेका खुर्चीत पंचक्रोशीतली एकेक बाई. डोळ्यांपुढे पडदा, हाताशी दोन दांडे, पायाशी दोन पेडल. इथे पेडल दाबलं की समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बंदरात माल उचलणारी गाडी पुढे सरकायची. तिकडे गाडीवर बसायला माणूस मिळत नव्हता, आणि इकडे रोवणी यंत्रं करू लागल्यापासून बायकांच्या पायांना काम नव्हतं. दोघांचं जमलं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने डोक्यावर घालायची एक कमान आणली. कागदावर तिचं नाव ‘एकचित्त’. बायका तिला बाशिंग म्हणत. या कानापासून त्या कानापर्यंत जाणाऱ्या त्या कमानीतून ऐकू न येणाऱ्या आवाजाचे ठोके माथ्यात शिरायचे. बाशिंग घातलं की मन इकडेतिकडे जात नसे, पाय अचूक पेडलवर पडत. गाड्यांच्या धडका बंद झाल्या. पहिल्या वर्षी बाशिंग चार तास होतं, दुसऱ्या वर्षी आठ तास झालं. कोणी चकार शब्द काढला नाही, कारण बाशिंग डोक्यावर असेपर्यंत थकवाही कळत नसे.

मग चैत्रापासून श्रावणापर्यंत अकरा बायकांचे पाय गेले. आधी टाच टेकेना. मग गुडघे एकमेकांना घासू लागले, पाय कात्रीसारखे एकात एक अडकू लागले. गावातल्या म्हाताऱ्यांनी ती चाल बघून कपाळावर हात मारला. त्यांच्या आजोबांची चाल अशीच होती. त्या काळी या भागात मजुरी म्हणून लाखोरीच पदरात पडायची, दुष्काळात दोन्ही वेळा तीच खाल्ली जायची, आणि भर जवानीतले गडी काठी धरायचे. आधी एक काठी, मग दोन, मग जमिनीवरून सरकणं. सुकेशिनीचा पणजा असाच गेला होता. म्हणून तिच्या घरात लाखोरी भिजवून तीनदा पाणी फेकायचा रिवाज होता, आणि तो चुकला तर तिची आजी डाळीसकट भांडं अंगणात भिरकावायची.

म्हाताऱ्यांच्या तोंडून ‘लाखोरी’ हा शब्द निघाला आणि केंद्राचा मॅनेजर पारखी याने तो वरच्यावर झेलून अन्न निरीक्षकाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मेसला कुलूप लागलं. कुलपावर कागद: मेसच्या अन्नात लाखोरी सापडली आहे, ‘एकचित्त’ पूर्ण सुरक्षित आहे, आठ दिवसांनी जिल्ह्याची चौकशी समिती बसेल, तोवर काम चालू राहील. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची झाली, तर संन्याशाची सही आधीच घेऊन ठेवलेली बरी.

ती मेस ‘सुजाता महिला बचत गट’ चालवायचा. बौद्ध वस्तीतल्या चार बायका, त्यांत सुकेशिनी मुख्य. बुद्धाला खीर देणाऱ्या सुजातेचं नाव तिनेच सुचवलं होतं. आता त्याच नावापुढे गावात लोक ‘विष’ हा शब्द जोडत होते. बाजारात एका बाईने तिला बघून पोराला जवळ ओढलं. सुकेशिनीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती भाजी घेऊन घरी आली.

घरी धाकटी बहीण श्रावस्ती कामावर जायला निघाली होती. आई गेल्यापासून सुकेशिनीनेच तिला वाढवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिला केंद्रात सतरा नंबरची खुर्ची मिळाली होती.

“ताई, मी डाळ सोडली,” श्रावस्ती म्हणाली.

“काय सोडलं?”

“डाळ. साहेबानं सगळ्यांले सांगितलं. डाळ, बेसन काही खाऊ नका म्हने, मग काही होत नाही.”

“अन् बाशिंग?”

“बाशिंगाचं काय? ते तर सुरक्षित आहे म्हनते.”

सुकेशिनीने हातातली पिशवी खाली आपटली. “माह्या हातचं खाऊन तू एवढी मोठी झाली व. बावीस वर्षं खाल्लं तेव्हा पाय नाही गेले तुहे. दोन महिन्यांत साहेब खरा अन् बहीण खोटी?”

“तसं नाही ताई.”

“मग कसं ते सांग.”

 श्रावस्ती चप्पल घालून निघून गेली. गावाने तोंड फिरवलं ते सुकेशिनीने सोसलं होतं. ही डाळ मात्र तिला सोसली नाही. भिंतीला पाठ टेकून ती रडली, आणि रडताना तिला स्वतःचाही राग आला.

डॉक्टर नारनवरे निवृत्त झाले होते, पण मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात येऊन बसायचे. मेंदूचे डॉक्टर, वय पंच्याहत्तरच्या आसपास, बोलणं फटकळ. तरुणपणी लाखोरीने लंगडे झालेले म्हातारे त्यांनी गावोगाव फिरून तपासले होते. सुकेशिनीने त्यांच्यासमोर बसून सरळ विचारलं, “माह्या वड्यांनी पाय गेले का जी, खरं सांगा. गेले असतील तर मी स्वतः ठाण्यात जाते.”

“बांधीत पाणी घेतेस तेव्हा काय करतेस?” डॉक्टरांनी विचारलं.

“पाटाची फळी काढतो. पुरे झालं की लावतो.”

“अन् लावायची राहिली तर?”

“धान सडते. बांध फुटला तर खालच्याचंही सडते.”

“मग तुला निम्मं समजलंच आहे,” डॉक्टर म्हणाले आणि उरलेलं निम्मं त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो ग्लुटामेट नावाचं रसायन सोडून. ते पलीकडच्या पेशीच्या दारावर बसलं की दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, पेशी जागी होते आणि निरोप पुढे धाडते. लगेच बाजूच्या मदतनीस पेशी उरलेलं ग्लुटामेट शोषून घेतात आणि दार बंद होतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे सगळं आटोपतं. ग्लुटामेटशिवाय माणूस ना शिकेल, ना पाऊल उचलेल. पण ते टिकून राहिलं तर दार उघडंच राहतं. कॅल्शियम आत येतच राहतं, पेशीला शक्ती पुरवणारी यंत्रणा बंद पडते, आतली पाचक द्रव्यं मोकाट सुटून पेशीलाच खातात. आणि मरताना पेशीच्या पोटातलं सगळं ग्लुटामेट सांडतं ते शेजारच्या पेशींच्या दारांवर. मग त्यांची पाळी येते.

“बाशिंग काय करतं, तर त्या मदतनीस पेशींना जरा आळशी बनवतं,” डॉक्टर म्हणाले. “ग्लुटामेट थोडं जास्त रेंगाळतं, निरोप ठळक पोचतो, काम चपळ होतं. चार तास ठीक आहे. आठ तास, रोज म्हणजे फळी उघडी टाकून झोपणं. अन् पायांना हुकूम देणाऱ्या पेशी असतात इथे, अगदी माथ्यावर. कमान तिथूनच जाते. त्यांना पेडलवरचे पायच चपळ हवे होते ना.”

“मग सांगा ना तसं समितीले.”

“सांगेन. पण ते विचारतील लाखोरीचं काय. लाखोरीतलं विष ग्लुटामेटसारखंच दिसतं. त्याच दारावर बसतं, तेच दार उघडतं, त्याच पेशी मारतं. मेंदूचे फोटो मी पाहिले. मेलेल्या पेशी दिसतात. फळी कोणी काढली ते दिसत नाही.”

 सुकेशिनी म्हणाली, “आम्ही चौघी तेच खातो. वॉचमन खाते, झाडणाऱ्या दोघी खातात. आमचे पाय धड आहेत.”

“कंपनीचा वकील म्हणेल, स्वयंपाकिणी आपल्यापुरतं वेगळं शिजवतात. तुमचं उलट हवं मला. जिचे पाय गेलेत आणि जिने तुझ्या मेसचा एकही घास खाल्ला नाही, अशी बाई दाखव. चार-पाच मिळाल्या तर तुझ्यावरचा आरोप पत्त्यांच्या बंगल्यासारखा पडतो.”

“अशी कोनीच नाही जी,” सुकेशिनी म्हणाली. “कार्ड टेकवून ताट घ्यावंच लागते, कंपनीचा नियम आहे. अकराही जणींले मी स्वतः वाढत होते, रोज.”

केंद्राच्या संगणकातही तेच होतं. अकरा बायका, दोन वर्षं, हजर दिवस तितकी ताटं. एकही खाडा नाही.

त्या अकरा जणींत हर्षाली बोंद्रे होती. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. दोन वर्षांपूर्वी मेस निघाली तेव्हा तिचं काम गटाला द्या म्हणून पारखीकडे शब्द टाकणारी हर्षालीच. ताट घेताना रोज म्हणायची, “सुके, तुह्या हाताले चव आहे व.” मग खिडकीजवळच्या कोपऱ्यात, भांडी विसळायच्या नळाशेजारी जाऊन बसायची. तिथे तशा आणखी चार-पाच जणी बसायच्या. वारा येतो म्हणून, असं सुकेशिनीला वाटायचं.

चौकशीला चार दिवस उरले असताना सुकेशिनी तिला बघायला गेली. हर्षाली पडवीत खाटेवर होती, पाय घट्ट जुळलेले, दोन लाकडं बांधून ठेवावीत तसे. सासू सगुणाबाईने सुकेशिनीला बघून तोंड वाकडं केलं, पण पाणी आणलं. कागदी पेल्यात. सुकेशिनीला त्याचं नवल वाटलं नाही. तिची नजर गेली ती ओसरीवर पालथ्या घातलेल्या भांड्यांवर. त्यात एक चपटा, दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. झाकणावर हर्षालीचं नाव कोरलेलं.

“हा डबा कोनाचा जी मावशी?” तिने विचारलं.

“सुनेचा. कामावर नेत होती ना,” सगुणाबाई म्हणाली. तिला चौकशीची, साक्षीपुराव्याची कल्पना नव्हती, आणि अभिमान मात्र पुरेपूर होता. “रोज मीच भरून देत होती. आमच्या घरचं मानूस कोनाचं बी खात नाही.”

खाटेवर हर्षालीने डोळे मिटून घेतले.

सुकेशिनीने पेला खाली ठेवला. दोन वर्षांतली एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून गेली. नळाजवळचा कोपरा. खरकट्याची बादली, जी रोज संध्याकाळी दोघींना मिळून उचलावी लागायची. एवढं अन्न का उरतं म्हणून ती झुरली होती. आधी मीठ कमी केलं, मग मसाला बदलला, मग तेल चांगलं घेतलं. आपल्याच हातात काहीतरी खोट आहे असं समजून दोन वर्षं ती चव सुधारत बसली होती.

सगुणाबाई आत गेल्यावर ती म्हणाली, “एक घास नाही?”

“सुके...”

“मी विचारते ते सांग. एक घास नाही खाल्ला कधी?”

“नाही,” हर्षाली म्हणाली.  “घरचे... तुले माहीत आहे घरचे कसे आहेत.”

“चव आहे म्हनत होती ना व माह्या हाताले? कोनत्या जिभेनं घेतली ती चव?”

हर्षाली रडायला लागली. सुकेशिनीने तिला रडू दिलं. डॉक्टरांचे शब्द तिच्या कानात वाजत होते. डॉक्टरांना हवी होती ती बाई समोर खाटेवर पडली होती.

“कोपऱ्यातल्या बाकीच्याही?” तिने विचारलं.

हर्षालीने मान डोलावली.

“मग हे समितीपुढं सांग. ताट घेत होतो, खात नव्हतो. एवढं सांग. बाशिंगानं पाय गेले हे सिद्ध होते.”

“मी नाही सांगू शकत. विचारतील ना, काहून नाही खाल्लं. काय सांगू? लिहून घेतील. गुन्हा लागंल आमच्यावर. अन् गावात तोंड कसं दाखवू?”

“तोंड?” सुकेशिनी उठली. “मी विष घालणारी म्हनून फिरते गावात चार दिवस. माह्या तोंडाचं काय? ताट फेकताना नाही आठवलं तोंड. ते फेकायले तुले लाज नाही वाटली, सांगायची लाज वाटते.”

हर्षालीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“सतरा नंबरच्या खुर्चीवर, तुह्या जागी, कोन बसते माहीत आहे?” दारातून सुकेशिनी म्हणाली. “श्रावस्ती. तुहंच बाशिंग आहे तिच्या डोक्यावर.”

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी सुकेशिनी अंगण झाडत होती. दाराशी श्रावस्तीच्या जुन्या चपला पडल्या होत्या. झाडूने बाजूला सारताना तिला डाव्या चपलेचं टोक दिसलं. टाच होती तशी नवी, आणि अंगठ्याखालचा भाग झिजून पार पातळ झालेला. पाऊल उचललं न जाता फरफटतं तेव्हा चप्पल अशी झिजते. हर्षालीची पहिली खूण हीच होती. “कंपनीच्या चपला किती कच्च्या व,” असं ती तेव्हा हसून म्हणाली होती.

सुकेशिनी चप्पल हातात घेऊन केंद्रावर गेली. गेटवरच्या वॉचमनने अडवलं, तिने त्याला बाजूला सारलं. खुर्च्यांच्या रांगेतून जाऊन तिने सतरा नंबरवर बसलेल्या बहिणीच्या डोक्यावरची कमान ओढून काढली. पलीकडच्या कुठल्या बंदरात गाडी कशाला धडकली असेल ती असो. श्रावस्ती किंचाळली, पारखी धावत आला.

“बाहेर काढा हिला,” पारखी म्हणाला. “स्वतः लोकांना लंगडं केलं आणि आता इथे तमाशा करते. खाई त्याला खवखवे.”

“खरं बोललात साहेब,” सुकेशिनी म्हणाली. “ज्यांनी खाल्लं त्यांचे पाय धड आहेत. खाल्लं नाही त्यांचं उद्या बघा.”

पण उद्या काय होणार हे तिलाही माहीत नव्हतं. श्रावस्तीने तिच्या देखत कमान पुन्हा डोक्यावर घातली. “ताई, जा तू. माहं काम जाईल,” एवढंच म्हणाली. सुकेशिनी तिथून थेट हर्षालीच्या घरी गेली. एक शब्द न बोलता तिने ती झिजकी चप्पल हर्षालीच्या खाटेवर, अगदी उशाशी ठेवली. सगुणाबाई ओरडली, चप्पल उशाशी ठेवते म्हणून. हर्षाली त्या चपलेच्या टोकाकडे बघत राहिली. सुकेशिनी आली तशी निघून गेली.

समिती केंद्राच्याच हॉलमध्ये बसली. तीन माणसं, अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून आलेल्या एक अधिकारी बाई. कंपनीच्या वकिलाने बेसनाचा अहवाल वाचला, सुकेशिनीची सही दाखवली, ताटांच्या नोंदी पडद्यावर टाकल्या. डॉक्टर नारनवरे तास-दीड तास बोलले. वकिलाने एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर, हे फोटो पाहून तुम्ही शपथेवर सांगू शकता का, की हे लाखोरीने झालेलं नाही?” डॉक्टर खरं बोलणारे. ते म्हणाले, “फोटो पाहून सांगता येत नाही.” वकील खाली बसला.

तेवढ्यात दार उघडलं. हर्षालीचा नवरा देवचंद आणि त्याचा भाऊ एक खुर्ची उचलून आत आले. खुर्चीत हर्षाली होती, मांडीवर ती चप्पल.

“मले सांगायचं आहे,” ती म्हणाली. “मी मेसमधलं कधी खाल्लं नाही. घरचा डबा खात होती.”

वकील गडबडला, पण सावरला. मोठ्या प्रेमाने त्याने विचारलं, “म्हणजे तुम्हाला मेसची चव आवडत नव्हती. तिखट लागायचं, पोटाला सोसायचं नाही, असंच ना? मग कधीतरी, दोन वर्षांत, एखादा वडा तर खाल्लाच असेल.”

हर्षालीने चप्पल मुठीत धरली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “नोंदी म्हणतात तुम्ही रोज ताट घेतलं. तुम्ही म्हणता कधीच खाल्लं नाही. का खाल्लं नाही ते सांगितलं नाहीत तर मी हे कसं मानू?”

वकिलाने पळवाट काढून दिली होती. तिखटाचं कारण सांगितलं की हर्षाली सुटत होती आणि साक्ष फुकट जात होती. सुकेशिनीला ते कळलं. ती उठून उभी राहिली.

“मी विचारू का जी हिले?”

“विचारा.”

“हर्षाली, माह्या हातचा एक तरी घास खाल्ला?”

“नाही.”

“ताटाचं काय करत होती?”

“बादलीत टाकत होती.”

“काहून?”

 हर्षाली चपलेकडे बघून म्हणाली, “तुमच्या वस्तीतल्या बायांनी शिजवलेलं आमच्या घरी चालत नाही म्हनून.”

“घरच्यांले चालत नाही, का तुले?”

सुकेशिनीला हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. समितीला हवं होतं ते मिळालं होतं. पण तिला हवं होतं ते मिळालं नव्हतं.

“मलेबी,” हर्षाली म्हणाली. “मलेबी चालत नव्हतं. एकदा तू आग्रह केला, हातात वडा दिला, तर मी तो रुमालात बांधून तलावात फेकला. घरी येऊन हात धुतले.”

अध्यक्षबाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घ्यायला सांगितले. मग विचारलं, आणखी कोणी आहे का असं. मागे बसलेल्या बाधित बायकांत चुळबुळ झाली. एक हात वर झाला. “मीही.” मग दुसरा. मग आणखी दोन. हर्षाली धरून पाच. प्रत्येक ‘मीही’ सुकेशिनीला निर्दोष ठरवत होता, आणि प्रत्येक ‘मीही’ तिच्या मुस्काटात बसत होता. तिला वाटलं, पुरे करा, फासावर द्या मला, पण आणखी एकही हात वर नको. शेवटचा हात ज्या बाईचा होता तिच्या बाळंतपणात सुकेशिनीने सव्वा महिना डिंकाचे लाडू पोचवले होते. ते लाडू कुठे गेले असतील, हा विचार तिने मनातून हुसकून लावला.

पाच जणी, ज्यांनी खाल्लं नाही आणि बाशिंग घातलं, त्यांचे पाय गेले. सात जण, ज्यांनी दोन वर्षं खाल्लं आणि बाशिंग घातलं नाही, ते धडधाकट चालत होते. डॉक्टरांना आता फोटो दाखवायची गरज उरली नाही. त्याच दुपारी सगळ्या कमानी काढून, मोजून, मोहरबंद पेटीत गेल्या. पारखीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण सुकेशिनीने बघितलं नाही.

डॉक्टरांनी श्रावस्तीला चालायला लावलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. “मेलेल्या पेशी परत येत नाहीत,” ते म्हणाले. “उरल्यात त्या आता जगतील. चालेल ही आयुष्यभर. पळता मात्र येणार नाही.” घरी जाताना श्रावस्ती बहिणीचा दंड धरून चालत होती. डावा अंगठा मातीत रेघ ओढत होता.

“ताई, आज डाळ कर,” ती म्हणाली.

“भाजी आहे सकाळची. ती खा,” सुकेशिनी म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता, बहिणीवरचाही.

वाटेत लोक म्हणाले, जिंकलीस, सुके. नाव धुतलं गेलं. ती तशीच चालत राहिली.

महिन्याने केंद्र पुन्हा चालू झालं, बाशिंगाशिवाय, जुन्या संथ गतीने. मेसचं कुलूप निघालं. गटातल्या तिघी म्हणाल्या, नको आता इथे. सुकेशिनी म्हणाली, “आपन काय चोरी केली?” पहिल्या शनिवारी तिने लाखोरी भिजवली. पहिलं पाणी फेकलं, दुसरं फेकलं, तिसरं फेकलं. वाटली, मीठ घातलं. दोन वर्षांपूर्वी घालायची तेवढं, मोजून तेवढंच.

वडे तळत असताना देवचंद दाराशी आला. हातात तो चपटा, दोन कप्प्यांचा डबा, झाकणावर नाव कोरलेला. आत काही नव्हतं.

“वहिनी,” तो खाली बघत म्हणाला, “हर्षालीनं वडे मागितले. दोनच द्या म्हने.”

सुकेशिनीने झारा कढईच्या काठावर ठेवला. डबा हातात घेऊन बघितला. घासून लख्ख केलेला होता. हा डबा दोन वर्षं रोज तिच्यासमोरून गेला होता, पदराआड.

“भाऊजी, डब्यात नाही देत मी,” ती म्हणाली. “तिले सांगा, खायचं असंल तर इथं ये. तुम्ही उचलून आनलं होतं ना समितीपुढं, तसंच आना. मी ताट वाढते. सगळ्यांच्यामधी बसून खा म्हना. अन् सासूलेही घेऊन ये म्हना.”

 देवचंद रिकामा डबा घेऊन गेला.

घंटा झाली. बायका रांगेत आल्या, कार्डं टेकवू लागल्या. सुकेशिनीने वाढायचा झारा दुसरीच्या हातात दिला, हात पुसले आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात खरकट्याच्या बादलीशेजारी जाऊन उभी राहिली.